न दिलेली बिदागी

स्वस्त इंटरनेट येण्यापूर्वी सोलापुरातल्या मोबाइलच्या बहुतेक दुकानांत ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असे. गिऱ्हाइकाने मेमरी कार्ड काढून द्यायचे, आवड सांगायची आणि दुकानदाराने संगणकातून लावण्या, भीमगीते, जुनी हिंदी गाणी, तेलुगू चित्रपटगीते, कन्नड भक्तिगीते, कव्वाल्या असे जे हवे ते कार्ड भरेपर्यंत ओतून द्यायचे, असा तो व्यवहार होता. घेतले जाणारे पैसे गाण्याचे नसत. ते दुकानदाराच्या वेळेचे आणि संगणकाचे असत. त्याआधीच्या पिढीने हेच काम कोऱ्या कॅसेटसोबत गाण्यांची यादी देऊन करून घेतले होते, आणि आजची पिढी ते व्हिडिओच्या संकेतस्थळावरून नुसता आवाज उतरवून घेऊन किंवा वर्गणी भरावी लागू नये म्हणून फेरफार केलेले ॲप वापरून करते. साधने बदलत गेली, परंतु या साखळीतल्या जवळजवळ कोणालाच आपण चोरी करत आहोत असे वाटले नाही. दुसऱ्या बाजूला संगीत कंपन्या आणि अनेक कलावंत याला सरळ चोरी म्हणत आले आहेत.

या दोन्ही भूमिका मला चुकीच्या वाटतात. पैसे न देता गाण्याची प्रत काढणे ही चोरी आहे हे म्हणणे कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही आणि नीतीच्या कसोटीवरही टिकत नाही. मात्र त्यावरून ते निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे तितकेच उथळ आहे. हा देणे बुडवण्याचा प्रकार आहे, आणि देणे बुडवण्याचे प्रश्न चोरीच्या प्रश्नांपेक्षा वेगळे असतात: कोणाचे देणे, किती, कोणी बुडवले, कशासाठी बुडवले आणि ते फेडायची सोय होती की नव्हती. चोर म्हटले की हे सगळे प्रश्न विचारायचे राहून जातात, म्हणून हा भेद नुसत्या शब्दांचा कीस नाही.

प्रथम कायदा पाहू. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये चोरीची जी व्याख्या होती, तीच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आली आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम मालमत्ता, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने त्याच्या ताब्यातून काढण्यासाठी हलवणे म्हणजे चोरी. नव्या संहितेत जंगम मालमत्तेची व्याख्या पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे हे खरे, तरीही ‘ताब्यातून हलवणे’ ही अट जागच्या जागी आहे. गाण्याची प्रत काढली की मूळ गाणे कोणाच्याच ताब्यातून जात नाही. कंपनीच्या तिजोरीतली ध्वनिफीत तिथेच असते आणि तिला ती पुन्हा हजार वेळा विकता येते. म्हणूनच अशा कृत्यासाठी संसदेने १९५७ चा स्वतंत्र कॉपीराइट कायदा केला आणि त्यात चोरीऐवजी हक्काचे उल्लंघन हा शब्द वापरला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ साली डाउलिंग खटल्यात हाच प्रश्न आला होता. एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बेकायदा तबकड्या राज्याराज्यांत पाठवणाऱ्या माणसाला ‘चोरीचा माल’ वाहून नेल्याबद्दल दोषी धरता येईल काय, असा तो प्रश्न होता, आणि न्यायालयाने बहुमताने नाही असे उत्तर दिले. तो माणूस सुटला नाही, कारण त्याने कॉपीराइटचा भंग केलेला होताच. पण तो चोर ठरला नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो दमदार आहे. आपल्या जिल्ह्यात शेतातल्या पंपासाठी तारेवर आकडा टाकून वीज घेतली जाते. त्यातही कोणाच्या घरातली वस्तू उचलली जात नाही, वीज काही हातात धरता येत नाही, तरी तिला आपण वीजचोरीच म्हणतो. मग गाण्याला वेगळा न्याय का? याला दोन उत्तरे आहेत. पहिले कायद्याचे आहे: विजेलाही दंड संहितेतली चोरीची व्याख्या आपोआप लागू होत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ सालच्या अवतारसिंग खटल्यात तसे स्पष्ट केले आणि वीज कायद्यातल्या खास कलमाने तिला चोरी ‘मानले’ असल्यामुळेच ती चोरी ठरते असे सांगितले. विधिमंडळाला एखाद्या कृत्याला चोरी म्हणायचे असते तेव्हा ते तसे लिहिते, आणि गाण्याच्या बाबतीत त्याने तसे लिहिलेले नाही. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. आकडा टाकून ओढलेले युनिट खर्च होते, त्यासाठी कुठेतरी कोळसा जळलेला असतो आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या पंपाला त्या प्रमाणात दाब कमी मिळतो. गाण्याच्या प्रतीने काहीही खर्च होत नाही आणि कोणाच्याही वाट्याचे कमी होत नाही.

गाणे ही जमीनजुमल्यासारखी मालमत्ता नाही हे खुद्द कॉपीराइट कायद्यानेच अनेक ठिकाणी मान्य केले आहे. या कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपवादांची लांबलचक यादी आहे. त्यात खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या रास्त वापराला सूट आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती ध्वनिमुद्रणांपर्यंतही पोहोचते. त्यामुळे स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरून स्वतःच्या फोनमध्ये गाणे घेणाऱ्याला तरी चोर म्हणण्याची सोय उरत नाही. त्याच यादीत खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत वाजवलेल्या संगीताला सूट असून लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांचाही तीत समावेश केलेला आहे. लग्नात गाणी वाजवल्याबद्दल रॉयल्टी मागता येत नाही असे केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून पुन्हा सांगितले. आता विचार करा, मुलीच्या लग्नासाठी शेजारच्या मंगल कार्यालयातल्या खुर्च्या न विचारता उचलून आणल्या तर कोणता कायदा ‘लग्न होते ना’ म्हणून सोडून देईल? ज्या हक्काला वरातीपुरती सुट्टी देता येते, तो हक्क समाजाने काही हेतूने आखून दिलेला असतो.

तो कालमर्यादेनेही आखलेला आहे. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आज कोणीही उतरवून घ्याव्यात, त्यात ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे उल्लंघन नाही. पूर्वी ही मर्यादा ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, आणि तो संपू नये म्हणून संसदेने मुदत दहा वर्षांनी वाढवली. ती दुरुस्ती झाली नसती तर जे कृत्य १ जानेवारी १९९२ पासून निर्धोक झाले असते, ते आणखी दहा वर्षे गुन्हा राहिले. चोरीचे पाप असे तारखेवर चालत नाही.

एवढे मान्य केल्यावर काही जण हात झटकून मोकळे होतात: चोरी नाही ना, मग झाले. त्यांच्यासाठी आपल्याच गावचे उदाहरण पुरेसे आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळून आता बरीच वर्षे झाली आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या मानांकनांत त्यांची गणना होते. तरीही परराज्यातल्या मागांवर विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकला जातो आणि त्याबद्दलचा संताप या शहरात मागवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना असतो. हा संताप रास्त आहे, पण तो कशाबद्दल आहे? कोणी सोलापुरातल्या गोदामातून चादरीची गठडी उचलून नेलेली नाही. एक अन्याय गिऱ्हाइकावर आहे, कारण त्याला दुसरे काहीतरी देऊन सोलापुरीचे पैसे घेतले. ही फसवणूक झाली. दुसरा अन्याय विणकरावर आहे, कारण त्याच्या नावाची पत दुसऱ्याने वापरली. गाणी भरून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची फसवणूक होत नाही. काय मिळते आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. गायकाचे नावही बहुधा बदललेले नसते. म्हणजे बनावट चादरीतले हे दोन दोष गाण्याच्या प्रतीत नाहीत.

पण चादरीच्या धंद्यात आणखी एक नक्कल चालते आणि ती गावातल्या गावात होते. जॅकार्डच्या मागावर नवी नक्षी उतरवायची तर आधी ती चौकटीच्या कागदावर रेखाटावी लागते, मग तिची कार्डे पाडावी लागतात, मागावर लावून दोन-चार नमुने विणून बघावे लागतात, आणि एवढे करून ती बाजारात चालेलच याची खात्री नसते. चालली की पलीकडच्या कारखान्यात ती महिन्याभरात दिसते. नक्कल करणाऱ्याने सूत स्वतःचे वापरले, मजुरी स्वतः दिली, आपलाच शिक्का मारला. कोणाला फसवले नाही आणि कोणाचे काही उचलले नाही. त्याने टाळला तो फक्त पहिला खर्च आणि पहिला धोका. ज्याने तो पत्करला त्याला आता तीच चादर नक्कल करणाऱ्याच्या भावात विकावी लागते, आणि नक्षीचा खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहतो.

गाण्याचे अर्थकारण नेमके असेच आहे, फक्त जास्त टोकाचे. स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन, संगीत संयोजन, ध्वनिमिश्रण हा सगळा खर्च पहिली प्रत निघण्यापूर्वीच होऊन जातो आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे प्रतीची किंमत म्हणून जे मागितले जाते ते खरे पाहता त्या पहिल्या खर्चातला ऐकणाऱ्याचा वाटा असतो. तो न देता गाणे घेणाऱ्याने कोणाच्या खिशातून काही काढलेले नाही हे खरे, पण ज्या खर्चामुळे त्याला ते गाणे मिळाले तो त्याने इतरांवर ढकलला आहे. सगळ्यांनीच ढकलला तर पुढचे गाणे ध्वनिमुद्रित होणार नाही. याला मी देणे बुडवणे म्हणतो, आणि गंमत अशी की नक्षीच्या बाबतीत कायदाही त्याला तसेच वागवतो. डिझाइन कायदा २००० च्या कलम २२ नुसार नोंदणीकृत नक्षीची नक्कल करणाऱ्याकडून प्रत्येक उल्लंघनासाठी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम वसूल करता येते, आणि ती करारातून उद्भवलेल्या कर्जाप्रमाणे वसूल करायची असे कायद्यातच लिहिले आहे. तुरुंगवास नाही. याउलट गाण्याच्या बाबतीत कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पासून दोन लाखांपर्यंत दंड सांगते. आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. महाराष्ट्राने तर त्याहून पुढे जाऊन, वर्तमानपत्रांत ‘एमपीडीए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात २००९ साली व्हिडिओ पायरेटची भर घातली आणि त्याला झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीला नेऊन बसवले. नक्षी काढणाऱ्याच्या आणि चाल बांधणाऱ्याच्या कष्टांत एवढा फरक का केला जातो याचे पटणारे उत्तर मला सापडत नाही. नक्षीवाल्यांपाशी मुंबई-दिल्लीत वजन नव्हते एवढेच दिसते.

येथे परंपरेचा दाखला पुढे येतो. आपल्याकडे गाणे कधीच कोणाच्या मालकीचे नव्हते, अभंग सगळ्यांनी म्हणावेत म्हणूनच रचले गेले, आणि ही मालकीची भानगड साहेबाने आणली, असे सांगितले जाते. यातले अर्धे खरे आहे. पंढरीच्या वाटेवर कोणी कोणाचा अभंग म्हणतो याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण तुकोबांनी सालोमालोवर जो कोरडा ओढला तो कशासाठी, हे लक्षात घ्यावे: अभंग गाण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, दुसऱ्याची वचने मोडून ती आपली म्हणून मिरवण्याबद्दल होती. म्हणजे घेणे चालत होते, नाव पुसणे चालत नव्हते. आणि शाहिरांकडे पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच सोलापुरात जन्मलेल्या राम जोशींच्या लावण्या कोणीही पाठ कराव्यात, कोणत्याही फडाने गाव्यात, त्याला बंदी नव्हती. परंतु राम जोशी स्वतः फुकट गात नव्हते. दरबारात गायले तर बिदागी, तमाशात दौलतजादा, कीर्तनात ओवाळणी, पुढे ऑर्केस्ट्राच्या काळात सुपारी, असे गाण्याचे मोल चुकते करण्याचे आपले मार्ग होते आणि ते पक्के होते. गायक समोर असल्याशिवाय गाणे ऐकायलाच मिळत नव्हते, त्यामुळे पैसे गायकाला द्यायचे की गाण्याला हा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला आणि गाणे गायकापासून सुटे झाले. परंपरेचा आधार घेऊन प्रत फुकट घेणारा माणूस त्या परंपरेतले मुक्तपणे गाणे तेवढे उचलतो आणि बिदागी सोयीस्कर विसरतो.

कंपन्यांनी मात्र या बाबतीत फार उंचावरून बोलू नये. कलावंत उपाशी मरतील हा त्यांचा आवडता युक्तिवाद आहे, आणि इतिहास त्याला साथ देत नाही. भारतीय कायद्यात गायक-वादकांना स्वतंत्र हक्क १९९४ पर्यंत नव्हतेच. त्यापूर्वी ज्यांनी स्टुडिओत जाऊन एकरकमी मानधन घेतले त्यांचा त्या ध्वनिमुद्रणाशी कायदेशीर संबंध तेथेच संपला. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला, महंमद रफी यांचे मत मानधन घेतल्यावर हक्क उरत नाही असे होते, आणि त्या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. त्या काळच्या कायद्यानुसार रफी बरोबर होते आणि न्यायाच्या दृष्टीने लताबाई. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात, चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गीतांचा आणि बांधलेल्या चालींचा पहिला मालक निर्माता ठरतो असा निकाल दिला, आणि गायकाच्या वाट्याला कायद्याने काहीच ठेवलेले नाही याची खंत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात नोंदवली. गीतकार आणि संगीतकार यांना हिरावून न घेता येण्याजोगा रॉयल्टीचा हक्क मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. त्याआधीची जी हजारो गाणी मेमरी कार्डांतून फिरली, ती रीतसर विकत घेतली असती तरी त्यांतल्या बहुतेकांच्या गायकाला एक पैसा मिळाला नसता.

यावरून कंपनीने कलावंताला बुडवले म्हणून मी कंपनीला बुडवतो, असा हिशेब मांडता येतो का? येत नाही. एका देणेकऱ्याने आपले देणे थकवले म्हणून दुसऱ्याचे माफ होत नाही, आणि हा युक्तिवाद करणारा माणूस वाचलेले पैसे त्या गायकाला मनिऑर्डर करत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे. पण देणे कोणाचे हा प्रश्न या इतिहासामुळे नक्कीच बदलतो. स्वतःच्या खर्चाने सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गाणी ध्वनिमुद्रित करून हजारभर प्रती काढणाऱ्या स्थानिक गायकाची प्रत फुकट उतरवून घेणे आणि पन्नास वर्षांपूर्वी सर्व खर्च वसूल झालेल्या चित्रपटगीताची प्रत घेणे या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत. पहिल्या प्रकारात नुकसान थेट आहे, ठरावीक माणसाचे आहे, आणि तो माणूस आपल्याच पेठेत राहतो. तेथेही तो गायक स्वतःच कधीकधी सांगतो की प्रती फिरल्या म्हणून आजूबाजूच्या गावांतून सुपाऱ्या आल्या. ते खरे असू शकते, पण आपली प्रत जाहिरात म्हणून वाटायची की विकायची हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. मोबाइलच्या दुकानदाराने तो परस्पर वापरावा असे नाही.

कोणी बुडवले यातही असाच फरक करावा लागतो. कलम ६३ ने तो केलेलाही आहे: उल्लंघन धंद्यातल्या नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. चोरीच्या कलमात असा भेद नाही. हौसेने केलेली चोरी आणि धंद्यासाठी केलेली चोरी, दोन्ही चोरीच. ज्या मुलाने मित्राकडून ब्लूटूथवर चार गाणी घेतली त्याचे देणे क्षुल्लक आहे, आणि पैसे भरून ते गाणे मिळण्याची सोयच नसेल तर त्याला देणे म्हणणेही अवघड आहे. जुन्या तबकड्या कंपन्यांनी बाजारातून केव्हाच काढून टाकल्या होत्या तेव्हा ज्या संग्राहकांनी त्या टेपवर उतरवून एकमेकांना दिल्या, त्यांच्यामुळे आपले नाट्यसंगीत बरेचसे वाचले; मुदत संपण्यापूर्वी केलेल्या त्या प्रती कायद्याच्या काटेकोर अर्थाने कदाचित उल्लंघन ठरतील, पण त्या माणसांचे आपणच देणे लागतो. याच्या उलट टोकाला तो व्यावसायिक आहे जो हॉटेलात, बारमध्ये, जिममध्ये, नृत्यवर्गात दिवसभर दुसऱ्याची गाणी वाजवून गिऱ्हाईक टिकवतो, किंवा डॉल्बीच्या एका रात्रीसाठी भरभक्कम रक्कम घेतो आणि त्यातला एक रुपयाही गाण्याच्या धन्याकडे जाऊ देत नाही. जनरेटरचे डिझेल, गाडीचे भाडे, दिव्यांचे भाडे हे सगळे तो चुकते करतो. ज्याच्यासाठी लोक जमतात तेवढे मात्र फुकट असते. (लोकांच्या कानांचे काय होते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) कार्ड भरून देणारा दुकानदार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि मला तो व्यावसायिकाच्या बाजूला अधिक सरकलेला वाटतो, कारण गिऱ्हाईक त्याच्याकडे यायचे ते गाण्यांच्या साठ्यासाठी, संगणकासाठी नव्हे.

देणे म्हणून पाहिले की वसुलीचे मार्गही वेगळे सुचतात. घरोघरी होणाऱ्या प्रती पोलिसांनी पकडायच्या नाहीत, कारण त्या पकडता येत नाहीत आणि पकडू लागलो तर प्रत्येकाच्या फोनची झडती घ्यावी लागेल, हे जर्मनीने फार पूर्वी ओळखले. तेथे १९६५ च्या कायद्याने घरगुती नकलेला मोकळीक दिली आणि त्या बदल्यात ध्वनिमुद्रणयंत्राच्या उत्पादकांवर आकार बसवला, जो सामूहिक संस्थांमार्फत हक्कधारकांत वाटला जातो. इतर अनेक युरोपीय देशांनी पुढे तोच मार्ग धरला. भारतात असा आकार नाही. कोऱ्या कॅसेटवर, सीडीवर, मेमरी कार्डावर अब्जावधी रुपये खर्च झाले आणि त्यातले काहीही चाल बांधणाऱ्यापर्यंत गेले नाही. आता जाहिरातींवर चालणारी ॲप आल्यामुळे तो काळ मागे पडतो आहे आणि फुकट ऐकणाऱ्याच्या वतीने जाहिरातदार पैसे भरतो आहे. मात्र तेथेही एकत्र गोळा झालेला पैसा साधारणपणे एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे मी महिनाभर फक्त एका कन्नड भजनी मंडळाला ऐकले तरी माझ्या वर्गणीचा मोठा हिस्सा त्या महिन्यात देशभर गाजलेल्या चित्रपटगीताकडे जातो.

तेव्हा सोलापूरपुरते बोलायचे तर ऐकणाऱ्याने पैसे द्यावेत हे सांगणे अर्धेच काम आहे; दिलेले पैसे पोहोचतील अशी व्यवस्था घेणाऱ्याच्या बाजूने उभी राहावी लागेल. कार्यक्रमाचे आणि हॉटेलातल्या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्था आहेत. गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे आणि गायकांसाठीही आता वेगळी संस्था आहे. पण जो त्यांचा सभासद नाही त्याच्या नावाने त्या वाटप करू शकत नाहीत, आणि आपल्याकडचे भजनी गायक, शाहीर, तेलुगू भक्तिगीते बांधणारे संगीतकार सभासद असल्याचे क्वचितच ऐकू येते. हे लोक अजूनही एका पानाच्या कागदावर ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे लिहून सही करतात आणि पाच-दहा हजार घेऊन घरी जातात. त्या कागदाने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तो वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून अन्य कोणालाही देऊन टाकता येत नाही अशी तरतूद केली आहे, आणि सहीच्या वर काहीही लिहिलेले असले तरी ती लागू राहते. नाट्य परिषदेच्या शाखेने, भजनी मंडळांच्या संघटनांनी आणि महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी एवढी एक तरतूद मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये छापून स्टुडिओंच्या भिंतींवर लावली आणि सभासदत्वाचे अर्ज भरून देण्याची सोय केली, तर हॉटेलमालकाकडे परवाना मागताना त्यातला वाटा घ्यायला सोलापुरातलाही कोणी पुढे असेल.